बाई, हिला कसं सांगू?

विशेष मुलांच्या पालकांसाठीच्या या पानावर आजवर अक्षरओळख, जेवण, झोप, हट्ट असं सगळं येऊन गेलं. या महिन्याची पत्रं मात्र जवळपास एकाच विषयावरची आहेत, आणि बहुतेकांची सुरुवात ‘लिहायला लाज वाटते, पण’ अशी. शाळा सुटताना फाटकाशी दहा जणांत जे विचारता येत नाही, ते पाकिटातनं येतं. बरं झालं, आलं. मी कोल्हापुरात विशेष शाळेत शिकवत आलेली बाई आहे, डॉक्टर नव्हे. औषधाचं डॉक्टरांवर सोडते; घरातलं आणि न्हाणीतलं सांगते. पत्रं थोडक्यात छापली आहेत, नावं गाळून.

प्रश्न : माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. दहावं सरून अकरावं लागलंय. छाती दिसायला लागली. बुद्धीनं चार-पाच वर्षांची आहे असं तपासणीत सांगितलं होतं. पाळी आली तर हिला कसं सांगू? रक्त बघून ती घाबरेल. सासूबाई म्हणतात, न्हाण आलं की सवाष्णी बोलवून ओटी भरायची आणि चार दिवस बाजूला बसवायचं. मला दोन्हीची धास्ती वाटते.
– एक आई, कागल तालुका

उत्तर : आधी ते ‘चार-पाच वर्षांची’ बाजूला ठेवा. तो आकडा गोष्ट किती सोपी करून सांगायची हे ठरवायला ठीक आहे. तिचं शरीर अकराव्या वर्षात आहे आणि ते बुद्धीची वाट बघत थांबत नाही. डाउन सिंड्रोमच्या मुलींना पाळी साधारण इतर मुलींच्याच वयात येते. छाती दिसायला लागल्यापासून पहिल्या पाळीपर्यंत बहुधा दोन-अडीच वर्षं जातात, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. मुलीत आठव्या वर्षाच्या आत किंवा मुलात नवव्याच्या आत अशा खुणा दिसल्या, तर मात्र थांबायचं नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. आपल्या विशेष मुलांमध्ये असं लवकर वयात येणं इतरांपेक्षा जास्त दिसतं.

आता ‘कसं सांगू’ ऐवजी ‘कसं दाखवू’ म्हणा. रक्त आलं म्हणजे लागलं, मग आईकडं पळायचं, हे ती आजवर शिकली आहे आणि बरोबरच शिकली आहे. हे रक्त त्यातलं नाही, एवढं तिला कळायला हवं. नुसतं बोलून ते कळत नाही. तुमच्या पाळीत तिला एकदा-दोनदा न्हाणीत बरोबर घ्या. डबा कुठं असतो, पॅड कसं सुटतं, कसं चिकटतं, वापरलेलं कशात गुंडाळतात, बघू दे तिला. बोलायचं एवढंच : ‘मोठ्या बायकांना महिन्याला रक्त येतं. लागलेलं नाही. चार-पाच दिवसांनी जातं.’ तुम्ही, मावशी, शाळेतल्या बाई, सगळ्यांची वाक्यं हीच. घरात ‘कावळा शिवला’ म्हणत असाल तर तिच्यासमोर नको. आमच्या पोरी खरंच खिडकीतनं कावळा शोधतात.

मग सराव. रविवारी दुपारी तासभर कोरडं पॅड लावून घरात वावरायचं, बस्स. तिच्या चड्डीला आतून मार्करनं पॅडच्या आकाराची रेघ काढून ठेवा. कुठं चिकटवायचं ते रेघ सांगते, तुम्हाला सारखं ‘अगं, पुढं, पुढं’ करावं लागत नाही. ते अंगवळणी पडलं की एखाद्या पॅडवर बिटाचं पाणी ओतून ‘असं दिसलं की बदलायचं’ हे दाखवा. शिकवताना आम्ही शेवटच्या पायरीपासून सुरू करतो. म्हणजे सगळं तुम्ही करा, तिनं फक्त चड्डी वर ओढायची आणि साबणानं हात धुवायचे. काम पुरं करण्याचा मान तिचा. ते जमलं की नवं पॅड रेघेवर दाबणं तिच्याकडं. मग मागचा कागद सोलणं. जुनं काढून वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या बादलीत टाकणं सगळ्यात शेवटी, कारण तेच सगळ्यात किचकट.

न्हाणीच्या दाराला आतून या पायऱ्यांचे फोटो लावा. बाजारातली तयार चित्रं नकोत. तिचाच डबा, तिचीच बादली, मोबाईलवर काढायचे आणि झेरॉक्सच्या दुकानातनं रंगीत प्रिंट काढून लॅमिनेशन करून घ्यायचं, नाहीतर पाण्यानं त्यांचा चार दिवसांत लगदा होतो.

‘ओलं झालं की बदल’ असं सांगू नका. किती ओलं म्हणजे ओलं, हा हिशेब अवघड आहे. वेळा ठरवून द्या : उठल्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, झोपताना. भरलेलं असो-नसो, बदलायचंच. शाळेच्या दप्तरात वेगळ्या रंगाच्या पिशवीत दोन पॅड आणि एक चड्डी आतापासूनच ठेवा, आणि वर्गातल्या बाईंना ती पिशवी दाखवून ठेवा.

एक गोष्ट सांगते. आमच्याकडं स्वमग्न (ऑटिझम) असलेल्या एका मुलीची आई टेकीला आली होती. पॅड म्हटलं की पोरगी कान झाकून ओरडायची. पॅडबद्दल तिची तक्रारच नव्हती. वेष्टन सोडवतानाची चुरचुर तिला सोसत नव्हती. आईनं सगळी पॅड आधीच बाहेर सोडवून कापडी पिशवीत भरून ठेवली आणि भांडण मिटलं. कुणाला आवाज नको असतो, कुणाला गोंदाचा चिकटा, कुणाला त्या सुगंधी पॅडचा वास. काहीच जमलं नाही तर धुवायची सुती पॅड किंवा पाळीसाठीच्या शोषक चड्ड्या करून बघा.

आता सासूबाई. देवघराचं काय ते तुम्ही दोघी ठरवा, मी त्यात पडत नाही. पण पोरीचं अंथरूण, तिचं ताट, तिची शाळा हलवू नका. रोज आजीच्या कुशीत झोपणारी पोर एके दिवशी कोपऱ्यात बसवली, तर तिला एवढंच कळतं की माझं काहीतरी चुकलं. मग पुढच्या महिन्यात ती पाळी आल्याचं लपवते, डागाळलेली चड्डी गादीखाली कोंबते. हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

ओटीचं म्हणाल, तर माझं मत स्पष्ट आहे : गल्ली गोळा करू नका. पाळीची गोष्ट आईला आणि बाईंनाच सांगायची, हे तुम्ही तिला दोन वर्षं शिकवणार आणि शेवटी स्वतःच हळदी-कुंकवाची बोलावणी करणार? मग ती दूधवाल्यालाही सांगेल, आणि त्यात तिची चूक नसेल. शिवाय आपल्या पोरीला झालेली गोष्ट धड सांगता येत नाही आणि ती आता वयात आली आहे, हे साऱ्या गावाला माहीत करून देण्यात शहाणपण नाही. सासूबाईंची हौस मोडायला नको. दार लावून घरातल्या घरात ओटी भरा, परकर-पोलकं शिवा, शिरा करा.

डॉक्टरांचं थोडक्यात : डाउन सिंड्रोम आहे म्हणजे थायरॉइडची तपासणी वर्षाला व्हायला हवी, थायरॉइड बिघडला की पाळीही बिघडते. पोटात दुखतं हे ती सांगेलच असं नाही. ती पोट धरून वाकते का, जेवण टाकते का, स्वतःला चावते का, हे कॅलेंडरवर पाळीच्या तारखेशेजारी लिहून ठेवा. फिट्स येणाऱ्या मुलींच्या आयांनी तर हे करायलाच हवं, कारण काहींना पाळीच्या आसपास फिट्स वाढतात आणि तुमच्या त्या नोंदीवरनंच मेंदूविकारतज्ज्ञांना ते कळतं. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर मुलगी वयात येताना त्या गोळीबद्दल त्यांच्याशी पुन्हा बोला. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी मागं-पुढं होते, त्याची काळजी नको. तासा-दोन तासाला पॅड भिजतंय किंवा सात दिवसांहून जास्त जातंय, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जायचं.

प्रश्न : बाई, मी मागावर काम करतो. पोरगा चौदाचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. सहा महिने झाले, सारखा चड्डीत हात घालतोय. पाहुणे बसलेले असोत नाहीतर एसटीत असो. मारून झालं, ओरडून झालं. एकानं हाताला मिरची लाव म्हणून सांगितलं, ते काय माझ्याच्यानं झालं नाही. आंघोळ अजून आईच घालते, तिला आता अवघडल्यासारखं होतं. यावर गोळी-बिळी आहे काय?
– इचलकरंजी

उत्तर : मिरची लावली नाहीत, हे फार चांगलं केलंत. मारणंही आता थांबवा. त्यानं काय होतं बघा : हात घातला की सगळं घर त्याच्याकडं वळतं, ओरडतं, पळतं. एरवी ज्या पोराकडं कुणी बघत नाही, त्याला ही केवढी मोठी दाद!

गोळीचं नंतर. आधी त्याला डॉक्टरांकडं नेऊन ती जागा नीट बघून घ्या. बोलता न येणारं पोर खाज सुटली तरी हातच घालणार. पावसाळ्यात आपल्याकडं कपडे वाळत नाहीत, दमट चड्डी घातली जाते, जांघेत गजकर्ण होतं. कधी लघवीला जळजळ असते, कधी पुढची कातडी मागं सरत नसते. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत असंच करणारा एक मुलगा होता. बघितलं तर चड्डीचं इलॅस्टिक कातडीत रुतून लाल वळ उठले होते. पोरगं अंगानं वाढलं, चड्डीचं माप तेच राहिलं होतं. मोठी चड्डी आणली आणि ते थांबलं.

यातलं काही नसेल, तर ते वयाचं आहे. तुमच्या-माझ्या घरातल्या बोलत्या-चालत्या पोरांचंही तेच असतं, फक्त त्यांना दार लावायचं कळतं. त्यानं अशक्तपणा येत नाही, डोकं बिघडत नाही, धातू जाऊन हाडं वाळत नाहीत. त्यावर औषध नाही आणि नकोही. शिकवायची आहे ती जागा : हे कुठं चालतं आणि कुठं नाही.

दोन खोल्यांच्या घरात ‘स्वतःची खोली’ कुठनं आणायची, हे मला ठाऊक आहे. न्हाणीघर चालेल. दाराला कडी हवी, आणि तुम्हाला बाहेरनं उघडता येईल अशी हवी. बंद दाराचा एक फोटो काढून कार्ड करा. बाहेरच्या खोलीत हात गेला की आवाज न चढवता, चेहऱ्यावर काहीही न आणता कार्ड दाखवायचं, त्याला न्हाणीपर्यंत न्यायचं, दार ओढायचं. बाहेर आला की हात धुवायचे आणि पुढचं काम. ना शाबासकी, ना रागावणं. एसटीत, लग्नात न्हाणी नसते. तिथं त्याच्या हाताला काम द्या. मांडीवर जड पिशवी, हातात नट-बोल्ट लावलेली पट्टी, काहीही. नाडीची किंवा पट्ट्याची पँट घाला, सैल इलॅस्टिकची नको. आणि घरातल्या कुणी हसायचं नाही. चुलतभाऊ हसतात ना, त्यांना आधी गप्प करा.

महिना-दोन महिने काहीच फरक दिसणार नाही. मग एक दिवस पोरगं आपणहून उठून न्हाणीकडं जाईल. ते तुम्हाला जिंकल्यासारखं वाटेल, पण पाहुण्यांना सांगू नका.

झोपेत चड्डी ओली होणं हेही याच वयातलं. त्याला मुतलास म्हणून रागावू नका. त्यात त्याचा दोष काहीच नाही. चादर कुठं टाकायची आणि दुसरी चड्डी कुठली घालायची, एवढं दाखवून ठेवा.

आंघोळीचं मात्र ऐका. तुमच्या पत्रात सगळ्यात पुढं ढकललेलं काम तेच आहे, आणि ते तुमचं आहे, त्याच्या आईचं नव्हे. तुमची मागावरची पाळी दिवसाची असो नाहीतर रात्रीची, एक वेळ ठरवा. आधी तुम्ही आत, तो साबण लावणार, राहिलं तिथं तुम्ही बोटानं दाखवणार. मग तुम्ही दारात. मग दाराबाहेर, नुसता आवाज देत. जिथं मदत लागेल तिथं विचारून हात लावायचा : ‘पाठ घासू?’ तो बोलत नाही म्हणून विचारायचं सोडू नका. ज्या पोराच्या अंगाला कुणीही कधीही न विचारता हात लावतं, त्या पोराला कुणाचा वाईट हात कसा ओळखू यावा?

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा, गतिमंद. एका बाजूच्या छातीखाली सुपारीएवढी गाठ लागते, दुखते. कॅन्सर तर नव्हे?
– जयसिंगपूर

उत्तर : बहुतेक नव्हे. वयात येणाऱ्या बऱ्याच मुलांना अशी गाठ येते आणि वर्षा-दोन वर्षांत जाते. तरी डॉक्टरांना एकदा दाखवा. चिडचिडीसाठी रिस्पेरिडोनसारखी गोळी चालू असेल तर तेही त्यांना सांगा, त्यानं छातीला सूज येऊ शकते आणि वजनही वाढतं. तोवर घरात कुणी त्या गाठीवरनं चेष्टा करू नये, आणि सारखी दाबूनही बघू नये.

प्रश्न : माझ्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, सोळा वर्षांचा आहे. लहानपणापासून सगळ्यांना मिठी मारतो. सगळ्यांचा लाडका. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर त्यानं एका अनोळखी मुलीला मिठी मारली. तिच्याबरोबरच्या मुलांनी त्याला मारलं. मी मध्ये पडले म्हणून सुटला. तो अजून विचारतो, का मारलं?
– एक बहीण, कोल्हापूर

उत्तर : ताई, तू मध्ये पडलीस, शाबास. त्या मुलीवरही राग धरू नकोस. तिला तो सोळा वर्षांचा मुलगा दिसला, आणि तो तेवढाच आहे.

जे सोळाव्या वर्षी चालणार नाही, ते सहाव्या वर्षी लाडानं चालवायचं नाही, हे मी शाळेत लहान गटाच्या पालकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगते. गुबऱ्या गालाचं पोर गळ्यात पडलं की सगळे ‘किती प्रेमळ!’ म्हणतात. दहा वर्षांनी तेच पोर, तीच मिठी, आणि लोक हात उचलतात. नियम लोकांनी बदलला, त्याला कुणी कळवलंच नाही.

आता नियम एकच आणि घरात सगळ्यांनी पाळायचा : मिठी फक्त घरातल्या चौघांना. नावं ठरवा, फोटो भिंतीवर लावा. बाकी सगळ्यांना नमस्कार. हस्तांदोलनही सध्या नको, कारण हात धरला की त्याला पुढं ओढून घ्यायची सवय असेल. काका आले, त्यानं हात पसरले, की काकांनी मागं सरून हात जोडायचे. काकांना वाईट वाटेल. वाटू दे. एका जरी माणसानं ‘आज राहू दे की’ म्हणून मिठी घेतली, की सगळी मेहनत वाया. सराव घरात करा, मग जिन्यात, मग भाजी मंडईत, शेवटी रंकाळ्यावर. नमस्कार झाला की लगेच ‘छान केलंस’.

‘का मारलं’ याचं उत्तर दे त्याला, टाळू नकोस. ‘ती ओळखीची नव्हती. तिला मिठी नको होती. ती घाबरली. मारणारेही चुकले.’ चार वाक्यं, रोज तीच.

आणि उलट बाजू. ज्याला सगळ्यांना मिठी मारायची सवय आहे, त्याला जवळ घेणाऱ्या कुणालाही तो नाही म्हणत नाही. मुलगा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मुलांवरही अत्याचार होतात, आणि करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो : रिक्षावाला, शिकवणीवाला, लांबचा भाऊ. त्याला शरीराच्या सगळ्या भागांची नावं यायला हवीत, नुसतं ‘तिथं’ नको. अंघोळीला किंवा औषध लावायला कोण हात लावू शकतो, ते माहीत हवं. ‘नको’ म्हणता यायला हवं, आणि त्यानं ‘नको’ म्हटलं की घरातही ते चाललं पाहिजे. नको म्हणताना जेवण वाढलं जातं, नको म्हणताना पापा घेतला जातो, मग बाहेर त्याचा ‘नको’ कोण ऐकणार?

काही घडलंच तर पोक्सो कायदा, २०१२. तो अठराच्या आतल्या मुलाला आणि मुलीला सारखाच लागू आहे. मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार त्यात अधिक गंभीर धरला आहे, आणि जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत घ्यायची तरतूदही आहे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर घरात सगळ्यांना पाठ असू द्या.

प्रश्न : मुलगी पंधराची आहे, तीव्र मतिमंद. पाळीचं सगळं मीच करते, आता माझे गुडघे साथ देत नाहीत. जाऊबाई म्हणतात, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल आणि काही भलतंसलतं झालं तर भीतीही नाही. काय करू?
– गडहिंग्लज

उत्तर : तुमचे गुडघे खरे आहेत आणि कंटाळाही खरा आहे, त्याबद्दल तुम्हाला कुणी बोल लावू नये. पण जाऊबाईंच्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

‘भलतंसलतं’ आधी घेऊ. पिशवी काढल्यानं कुणी पोरीच्या अंगाला हात लावायचा थांबत नाही. झालेली गोष्ट कळायचा एक मार्ग तेवढा बंद होतो. ज्याला हे करायचं आहे, त्याला ती बातमी सोयीचीच. पोरीचं रक्षण म्हणजे तिला एकटीला कुणाकडं ठेवतो, कोण ने-आण करतं, ती अचानक कुणाला बघून आक्रसते का, यावर नजर.

दुसरी कटकट पाळीची. पिशवी काढली तरी अंडाशयं असतात, म्हणजे वयाबरोबरची चिडचिड, छाती भरणं, आकर्षण सगळं तसंच. वर मोठं ऑपरेशन आणि भूल. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींना ‘स्वच्छता राखता येत नाही’ म्हणून पुण्याला ससूनमध्ये नेऊन त्यांची गर्भाशयं काढली होती. महाराष्ट्रभर गदारोळ उठला आणि सरकारला ते थांबवावं लागलं. आज तर कायदाच आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं दहावं कलम सांगतं, की मूल न होण्यासारखा कुठलाही उपचार दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करायचा नाही. त्याआधी २००९ मध्ये, सरकारी आश्रयगृहात अत्याचार होऊन गरोदर राहिलेल्या चंदीगडच्या एका बौद्धिक अक्षम तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयानंही तिच्या संमतीशिवाय गर्भपात करायला नकार दिला. गर्भाशयाचाच काही आजार असला तर ती गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील.

मग करायचं काय? कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून सरळ सांगा : ‘रक्तस्राव कमी होईल, पाळी कमी वेळा येईल, असं काही देता येईल का?’ हार्मोनचे उपचार आहेत. फिट्सच्या गोळ्या, वजन, हाडं हे बघून ते ठरवतात, म्हणून चालू औषधांची सगळी पाकिटं बरोबर न्या. घरात : पाळीत डायपरसारखी पँट वापरा, त्यात लाज नाही. बदलताना तिला उभी करून भिंतीला धरायला लावा, म्हणजे तुम्हाला खाली बसावं लागणार नाही. तुम्ही उंच स्टुलावर बसा. आणि जाऊबाईंना म्हणावं, महिन्यातले दोन दिवस तुम्ही या.

एक काम आत्ताच मनात धरा. मुलगी अठरा पूर्ण झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व देते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी हा मार्ग आहे. कागद आधीपासून गोळा करा.

प्रश्न : पुतण्या बावीसचा झाला. फार चिडतो, बायकांकडं टक लावून बघतो. लग्न लावून दिलं की शांत होईल असं सगळे म्हणतात. गरिबाघरची मुलगी बघतोय.
– हातकणंगले तालुका

उत्तर : बघू नका. चिडचिडीचं औषध म्हणून कुणाची तरी लेक आणायची नसते. समोरच्यांना त्याची पूर्ण माहिती दिली आहे का? आणि लग्न म्हणजे काय, ते त्याला कळतं का? हिंदू विवाह कायद्यातही संमती देण्याची क्षमता ही अट आहे. स्वतःचं मन सांगू शकणारे, कमावणारे, सौम्य अक्षमता असलेले तरुण लग्न करतात, नीट नांदतात. तो त्यांचा हक्क आहे, आणि तो प्रश्न त्यांनी स्वतः विचारायचा असतो. तुमच्या पत्रात पुतण्याचं मत एका ओळीतही नाही. त्याला सकाळी उठून जायला जागा आहे का, हातात काम आहे का, ते आधी लिहून पाठवा. मग चिडीबद्दल बोलू.

प्रश्न (आईच्या मोबाईलवरनं आलेला आवाज, आहे तसा उतरवला) : बाई, मला मिशी आली. दाढी पण आली. मला बाबांसारखी दाढी करायची. आई नको म्हणती. कापंल म्हणती. आई करती माझी दाढी. मी अठरा झालो.
– राधानगरी

उत्तर : हो, तू अठरा झालास. दाढी तू करायचीस.

बाबांना सांग, ट्रिमर आणा. ट्रिमर विजेवर भरतो आणि घूं करतो. आधी बंद ट्रिमर गालावर फिरवून बघ. मग चालू करून हातावर धर, गुदगुल्या होतील. मग आरशासमोर उभा राहा. बाबा शेजारी उभे राहतील आणि त्यांची दाढी करतील. ते जे करतील ते तू कर. आधी उजवा गाल, मग डावा गाल, मग हनुवटी, मग मिशी. झालं की तोंड धू, ट्रिमर डब्यात ठेव. रविवारी आणि बुधवारी. ट्रिमर तुझा, दुसऱ्याला द्यायचा नाही.

आईसाठी दोन ओळी. ब्लेड आत्ताच नको, ट्रिमरनं सहसा कापत नाही. एका गालावर चार केस राहिले तर राहू द्यात, पुसायला-सुधारायला जाऊ नका. तो दाढी करताना तुम्ही स्वयंपाकघरात थांबा.